डावीकडे कापूस

तुमच्या फोनमध्ये तुम्ही कोणाला कोणत्या नावाने ठेवलंय, सांगता का? मोठ्याने, चारचौघांत. 'घरमालक कटकट्या', 'उचलू नको', 'टकल्या प्लंबर', 'जाडी वहिनी'. का, आता का गप्प बसलात? खासगी गंमत होती ना तुमची? कोणाच्या वाटेला गेला नव्हतात.

टेपकाकूही कोणाच्या वाटेला गेली नव्हती.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, चपला शिवणाऱ्याच्या शेजारच्या खोलीत ती कपडे शिवते. खोलीत एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि कोपऱ्यात पडदा. पडद्यामागे एक माणूस उभा राहील एवढीच जागा. गळ्यात सकाळपासून पिवळी टेप असते. ती जेवतानाही काढत नाही, म्हणून टेपकाकू. तिच्या जावयाचं म्हणणं, सासूबाई झोपेत कूस बदलतानाही आधी खांदा मोजून घेतात.

शिवण तिला तिच्या वडिलांनी शिकवली. पहिल्या दिवशी मशीनला हात लावू दिला नाही. नुसतं सांगितलं, "माप तोंडातून काढायचं नाही." इतर शिंपी बघा, दुकानभर ओरडत असतात, कंबर अडतीस, लिही रे अडतीस. काकू टेपेवर आकड्याच्या जागी अंगठ्याचं नख रोवते आणि नख न हलवता वहीपर्यंत चालत जाते. लिहून झालं की वही मशीनच्या खणात आणि किल्ली कमरेला. माणूस पडद्यामागे गेला की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हात लावू का?" प्रत्येकाला विचारते. मला गेली पंधरा वर्षं विचारतेय.

"अगं काकू, मीच आहे."

"तू असशील. अंग तुझंच आहे ना अजून? मग विचारायला नको?"

वहीत नावं नसतात, खुणा असतात. नावं काय, एका गल्लीत सारखी चार निघतात. खांदे मात्र दोघांचे सारखे नसतात, असं तिचं म्हणणं. म्हणून 'डावा खांदा उतरता', 'पाठीला बाक', 'पोट पुढे साहेब'. माझी खूण 'भांडते, कॉलर सैल'. खरं आहे, घट्ट कॉलरीत मला ओरडता येत नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीने फोन घेऊन दिला, तेव्हा काकूने गिऱ्हाइकांचे नंबर याच खुणांनी फोनात भरले. वही बंद खणात आणि फोन तिच्या पिशवीत. दोन्ही तिचेच. यात तिचं काय चुकलं, ते मला अजून कोणी दाखवून द्यावं.

त्या फोनात एक नाव होतं, 'डावीकडे कापूस'.

या आमच्या भागातल्या शाळेतल्या बाई. त्यांच्या छातीची डावी बाजू आजारात गेली. शस्त्रक्रिया झाली, औषधं झाली, केस पुन्हा आले, बाई पुन्हा वर्गावर उभ्या राहिल्या. शाळेत सांगितलं, पाठीचं दुखणं होतं. का सांगितलं, ते त्यांचं त्यांना माहीत. घरी नवरा, एक बहीण आणि बाहेर टेपकाकू, एवढ्यांनाच खरं ठाऊक. बाजारातली तयार वस्तू बाईंना टोचायची. मग काकूने आतल्या कपड्याला डावीकडे खिसा शिवला, त्यात कापूस. नुसता कापूस हलका, हात वर केला की वर सरकायचा, आणि बाईंना तर फळ्यावर लिहायचं. काकूने चार वेळा उसवलं. शेवटी कापसाच्या मधोमध बारीक काचेच्या मण्यांची पुरचुंडी टाचली, उजवीइतकं वजन येईपर्यंत एकेक मणी वाढवत नेला. त्या दिवशी बाईंनी पडद्यामागे हवेत लिहून पाहिलं. अ ते ज्ञ, पूर्ण.

थांबा. ही बाईंची गोष्ट मी कोणाच्या परवानगीने लिहितेय, हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला असेल तर तुमचं डोकं ठिकाणावर आहे. बाईंना विचारलंय. हा कागद त्यांनी वाचला, दोन वाक्यं खोडली, ती खोडलेलीच राहतील. कुठली इयत्ता, कुठला विषय हे विचारू नका.

तर झालं असं. शाळेत नवा कारकून आला. एका सकाळी बाईंना उशीर होणार होता म्हणून त्यांनी त्याच्या मोबाइलवर फोन केला. कारकुनाकडे त्यांचा नंबर नव्हता. पण त्याच्या फोनला नंबर ठाऊक असण्याची गरजच नव्हती. घंटी वाजली, पडद्यावर नाव आलं. तो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत, तिथे पाचसात जण बसलेले. गड्याला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. त्याने फोन उचलला आणि हसत म्हणाला, "बोला, डावीकडे कापूस!"

बाईंनी ते स्वतःच्या कानाने ऐकलं.

मागे हसण्याचा आवाज, आणि त्यात एका शिक्षिकेचा प्रश्न, "काय रे, काय लिहिलंय? दाखव." नंतर तीन दिवस बोलताना एकेकाची नजर खाली जायची आणि डावीकडे थांबायची. ज्यांना कळलं त्यांना कळलं. ज्यांना नाही कळलं, त्यांना कळलेल्यांनी सांगितलं.

चौथ्या दिवशी दुपारी बाई काकूच्या खोलीत आल्या. तो कपडा मशीनवर ठेवला.

"कोणाला सांगितलंत?"

"कोणालाही नाही हो बाई."

"कापूस हा शब्द तुमचा आहे. मीसुद्धा घरात तो शब्द वापरत नाही. नवऱ्याला माहीत नाही आत काय भरलंय. मग तो शब्द शाळेत कसा पोचला? चालत गेला?"

काकूला खरंच ठाऊक नव्हतं. बाई म्हणाल्या, "माझं माप फाडून टाका," आणि कपडा तिथेच टाकून गेल्या. काकूने पान फाडलं. चाळीस वर्षांत वहीचं फाडलेलं पहिलं पान.

वही तर कुलपात होती, तो शब्द आणखी फक्त फोनात होता. मग ती माझ्याकडे आली. फोन अस्तराच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता, मेलेली चिमणी आणावी तसा.

"हे बोलतं का गं?" तिने विचारलं. "मी नसताना?"

मी हे कुठल्या वर्गात शिकलेली नाही, स्वतःचे दोन फोन बिघडवून शिकले. पडद्यावर काही दिसत नव्हतं. आत सेटिंगमध्ये गेले, सगळ्या अ‍ॅपची यादी उघडली, आणि तळाशी एक साळसूद नाव बसलेलं. 'मदतनीस'. वर चिन्ह नाही, काही नाही. परवानग्या पाहिल्या. नावांची यादी, हो. फोनकॉल, हो. संदेश, हो. जागा, हो. माइक, हो. पाच वेळा हो! बाईच्या जातीने जन्मात स्वतःसाठी एवढ्या वेळा हो म्हटलं नसेल.

त्याचं काम असं. ज्याच्या फोनात हे शिरतं, त्याची नावांची सगळी यादी उचलून कंपनीकडे नेतं. मग जगात कुठेही, ज्याच्याकडे हे अ‍ॅप आहे त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला, की दुसऱ्याच्या यादीतलं नाव काढून दाखवतं. बाईंनी आजारपणानंतर नंबर बदलला होता. नवा नंबर मोजक्या लोकांकडे, आणि त्या मोजक्यांत हे बांडगूळ फक्त काकूच्या फोनावर. कारकुनाच्या फोनातही हेच अ‍ॅप. म्हणून बाईंचं जगातलं नाव ठरलं, डावीकडे कापूस.

अ‍ॅप कधी आलं त्याची तारीख होती. काकूने कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी तिच्या हातून कातर फोनवर पडली होती आणि ती काच बदलायला चौकातल्या मोबाइलवाल्याकडे गेली होती.

आम्ही दोघी तिथे गेलो. दुकानात चार गिऱ्हाइकं. मोबाइलवाला ओळखीचा, हसरा माणूस.

"त्यात काय एवढं, काकू? उपयोगाचंच आहे ते. कोणाचा फोन आलाय ते कळतं."

"कोणाला कळतं?"

"सगळ्यांना."

"मला कोणी विचारलं नाही."

"विचारतं की. कंपनी न विचारता काही करत नाही. पडद्यावर येतं, मान्य आहे का म्हणून."

"मला नाही दिसलं."

"काच बदलताना आलं असेल. फोन तेव्हा इथे होता ना."

"मग हो कोण म्हणालं?"

त्याने काउंटर पुसायला घेतलं. स्वच्छच होतं ते. "दाबावं लागतं हो. दिवसाला वीस फोन येतात, प्रत्येकाला कुठे विचारत बसू?"

म्हणजे आयजीच्या जिवावर बायजी उदार! मी विचारलं, एका अ‍ॅपमागे तुला काय मिळतं? तर म्हणे, "ताई, सगळेच टाकतात. माझ्या एकट्याच्या मागे काय लागता?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडलं, तेवढ्यात काकू पुढे झाली. गळ्यातली टेप काढली, काउंटरच्या आत गेली आणि एक शब्द न बोलता त्याच्या पोटाभोवती टेप टाकून आवळली.

"अहो, अहो काकू! काय करताय?"

"माप घेतेय. उपयोगाचंच आहे." तिने नख रोवलं. "पुढच्या शर्टाला लागेल. आता हा आकडा या चौघांना ओरडून सांगू? का चौकात जाऊन सांगू?"

त्या माणसाने पोट आत ओढलं. चारही गिऱ्हाइकं बघत होती. कोणी हसलं नाही. त्याचे कान लाल झाले, आणि तो हळू आवाजात म्हणाला, "नको ना, काकू."

"बघ. तुला नको म्हणायला तरी मिळालं."

तिने आकडा सांगितला नाही. टेप सोडली, पुन्हा गळ्यात घातली. त्याने अ‍ॅप काढलं, दोन्ही हातांनी फोन परत दिला. रस्त्यावर आल्यावर मी खूश होते, पण काकू हात साडीला पुसत होती, पुसतच होती. म्हणाली, "पहिल्यांदा न विचारता हात लावला गं मी कोणाला."

एवढ्यावर संपलं असतं तर मी कशाला लिहिलं असतं? फोनातलं अ‍ॅप गेलं. नाव गेलं नाही. ते कंपनीच्या पेटीत. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, नाव काढायचं असेल तर ज्यांचा नंबर आहे त्यांनी स्वतः अर्ज करावा, आपला नंबर टाकावा, तो आपलाच आहे हे सिद्ध करावं. वाचलंत? ज्या बाईने यांच्या दारात कधी पाऊल ठेवलं नाही, जिच्या फोनात यांचं अ‍ॅप कधी नव्हतं, तिने चोराकडे जाऊन ओळखपत्र दाखवायचं, की दादा, तुमच्या पोत्यातली ती तिसरी वस्तू माझी. आणि खाली छापलंय, 'आम्ही आपल्या खासगीपणाचा आदर करतो.' तुमच्या आदराला आग लागो!

काकूने मग एक काम केलं, जे कंपनी कधी करणार नाही. एकशे बारा गिऱ्हाइकांसाठी एकशे बारा चिठ्ठ्या लिहिल्या. 'तुमचं नाव मी माझ्या फोनात असं ठेवलं होतं. माझ्या चुकीने ते बाहेर गेलं.' मी म्हटलं, अगं, तुझी चूक कुठे? म्हणाली, फोन माझा होता. प्रत्येक चिठ्ठी घडी घालून ज्याच्या त्याच्या हातात दिली. 'पोट पुढे साहेब' खो खो हसले आणि परत आले नाहीत. 'पाठीला बाक' रडली. काही जणांनी आपला कपडा अर्धवट शिवलेला तसाच उचलून नेला. बाईंची चिठ्ठी मी नेली. त्यांनी ती दारातच वाचली, मागचं पुढचं सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं आणि दार लावलं.

दोन महिन्यांनी बाई आल्या. मी तिथेच होते, बटण लावून घ्यायला गेलेली. माफ करायला आल्या असं समजू नका. दुसरीकडे तीन ठिकाणी शिवून पाहिलं होतं, कुठेच हात वर करता येत नव्हता. काकूइतकं वजन कोणाला जमत नव्हतं, म्हणून आल्या. मी उठून बाहेर गेले. पडदा ओढल्याचा आवाज आला. मग काकूचा.

"हात लावू का?"

पूर्वी या प्रश्नाला बाई लगेच हो म्हणायच्या, मला पडद्याबाहेर ऐकू यायचं. या वेळी शेजारच्याने एका चपलेला पूर्ण टाका घातला, दोरा तोडला, तरी आत शांतता.

"लावा," बाई म्हणाल्या. "पण आधी फोन बाहेर ठेवा."

काकू फोन घेऊन बाहेर आली, माझ्या हातात न देता उंबऱ्यापलीकडे फरशीवर ठेवला आणि आत गेली. वहीत नवं पान निघालं. त्यावर काय खूण लिहिली, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आता तुम्ही. सुरुवातीला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला नको. तुमचा फोन घ्या, सेटिंगमध्ये जा, सगळ्या अ‍ॅपची यादी तळापर्यंत वाचा. ज्याला तुम्ही स्वतःच्या बोटाने हो म्हटलेलं नाही, ते काढा. निघत नसेल तर निदान त्याच्यापासून तुमची नावांची यादी तोडा. आणि त्याच्याही आधी, हा कागद खाली ठेवण्याआधी, तुमच्या यादीत कोणाचं दुखणं, कोणाचं अंग, कोणाची लाज नाव म्हणून पडून असेल, तर ते नाव बदला. त्या माणसाला कोणीच विचारलेलं नाही. तुम्हीसुद्धा नाही.