कमानीवरचं नाव

आमच्या मैदानाच्या कमानीवर जे नाव आहे ते मी सुचवलं. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. का सुचवलं — हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. यंदा एका माणसाला अर्धं सांगितलं. उरलेलं अर्धं आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलणं सोपं जातंय का? असेल. सांगून बरं वाटेल असं काही नाही. खरं म्हणजे हल्ली फारसं काही वाटतच नाही.

हायवेवरच्या चौक गावाहून आत वळलं की आमचं गाव. गावाच्या मागे डोंगर, आणि डोंगराच्या पायथ्याला ठाकर आदिवासींची वाडी. मी गावातला. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला पहिला माणूस मी. कर्जतला जाऊन-येऊन बी.कॉम. केलं. याचा मला माज होता. अजूनही थोडा आहे, खोटं कशाला बोलू. खालापूरकडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. कधी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, तरी गावातली पोरं मला ‘सर’ म्हणतात. आणि मला ते आवडतं.

आमच्या भागात मैदानाला बहुतेक एखाद्या पोराचं नाव असतं. कमान, तिच्यावर ‘कै.’, मग नाव, मग ‘क्रीडांगण’. कोणी हायवेला बाइकवरून गेलेला, कोणी धरणात. त्याच्या नावाने दरवर्षी कबड्डीचा स्मृती चषक. आधी फोटोला हार, मग आईच्या नाहीतर बापाच्या हाताने नारळ, मग नाणेफेक. लोकांना वाटतं, नाव दिलं की पोरगं मागे उरतं. मलाही वाटायचं. आता मला वाटतं, नाव दिलं की विचारणं थांबतं. एकदा ‘कै.’ लिहिलं की ‘कसा गेला?’ म्हणून कोण विचारतो?

आमच्या कमानीवर हिरामणचं नाव आहे. वाडीवरचा हिरू. घरात तो आणि आई, बुधीमावशी. शनिवार-रविवार तो माथेरानला पाहुण्यांच्या बॅगा वाहायचा. त्या चढावर कमावलेल्या मांड्या होत्या त्याच्या. चढाईला गेला की चार जणांनी धरला तरी मध्यरेषेला हात लावून यायचा. गावचा संघ मी तयार करायचो, त्यात वाडीवरचा तो एकटाच. गावातली पोरं चेष्टा करायची, “हिर्‍या, तुला पकडायला हायवेवरची क्रेन आणावी लागंल रं.” तो हसायचा. मला ‘दादा’ म्हणायचा. ‘सर’ न म्हणणारा तोच एक.

आता वजनाचं सांगायला हवं. आमच्याकडच्या स्पर्धा बर्‍याचशा वजनी गटाच्या. सामन्याच्या दिवशी मैदानावर काटा लावतात. गटाच्या वर भरलात की बाहेर. मग पोरं काय करतात? आदल्या दिवसापासून खाणं-पिणं बंद. भर उन्हात स्वेटर घालून पळायचं. चिंच चघळायची, आणि सुटलेलं पाणी गिळायचं नाही, थुंकायचं. सगळेच करतात. मी खेळायचो तेव्हा मीही केलं. पण मी शिकलेला. मी मोबाइलवर काय काय वाचून यायचो, स्वेटरवर रेनकोट घातला की घाम जास्त निघतो वगैरे. पोरं ऐकायची. कारण सर सांगतायत.

हिरू गेला त्या वर्षी तो थोडा भरला होता. चौकला भंगारवाल्याच्या काट्यावर त्याला उभा केला तेव्हा कळलं. मी म्हणालो, निघेल. काढू.

होळीच्या आधीचे दिवस होते. स्वेटर माझाच. रेनकोटही माझाच. स्पर्धा आमच्याच मैदानावर होती, आणि सामन्याच्या सकाळी मैदानालगतच्या शाळेच्या मागे मी त्याला पळवत होतो. त्याच्या पिशवीत आईने पळसाच्या पानात कंद बांधून दिले होते. डोंगरातले कडू कंद. ते राख घातलेल्या पाण्यात उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवावे लागतात, नाहीतर घसा धरतो, उलट्या होतात. बुधीमावशीचा त्यात हात धरणारी बाई वाडीवर नव्हती. हिरू म्हणाला, “वजन झाल्यावर खाईन, दादा.” वजन झालं. बसला गटात. लगेच आमचा पुकारा झाला. पहिल्याच चढाईत दोन गडी टिपून तो रेषेपर्यंत आला, हात लावला, आणि उठला नाही. लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो.

टेंपोत घालून दवाखान्यात नेला. डॉक्टर घाईघाईने विचारत होते, सकाळपासून काय खाल्लं? पाणी किती प्यायलाय? पोरांनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टरांशी बोलायचं म्हणजे मीच — दुसरं कोण? मी म्हणालो, व्यवस्थित खाऊन-पिऊन आलाय. वर म्हणालो, आईने कडू कंद दिले होते, ते खाल्लेत.

पिशवी माझ्याच खांद्याला होती. कंदांची पुडी माझ्या बरगडीला लागत होती.

का बोललो तसं? ठरवून नाही. तोंडातून गेलं. पण मागे घेता आलं असतं. संध्याकाळपर्यंत वेळ होता. तो संध्याकाळी गेला. मी व्हरांड्यात बाकावर बसून होतो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. नाही गेलो. पोरांना ठाऊक होतं तो उपाशी आहे. तीही गप्प राहिली. सर बोलले म्हणजे तेच. खरं सांगितलं असतं तर वाचला असता का? हे मी आजवर कुठल्या डॉक्टरला विचारलेलं नाही. उत्तर मिळालं असतं, म्हणून. परत येताना टेंपो पाताळगंगेच्या पुलावर थांबवायला लावला आणि पुडी खाली टाकली. पोरांना वाटलं, मला ओकारी येतेय.

कंदांची गोष्ट माझ्या आधी वाडीवर पोचली. बुधीमावशी म्हणाली, “रात्री पाण्यात ठेवायचं ते मी उशिरा ठेवलं. माझ्याच हातनं झालं.” कोणी तिला दोष दिला नाही. कोणाला द्यावा लागलाच नाही. तेव्हापासून तिने कंदाला हात लावलेला नाही. दुसर्‍याच्या घरी शिजत असले तरी उठून जाते.

आणि मी काय केलं? ग्रामसभेत उभा राहिलो आणि म्हणालो, मैदानाला हिरामणचं नाव द्या. गावाच्या मैदानाला वाडीवरच्या पोराचं नाव — थोडी कुजबुज झाली. मी भांडलो. पदवी पणाला लावून भांडलो म्हणा ना. लोक म्हणाले, याला म्हणतात शिकलेला माणूस. वाडीने माझ्या गळ्यात हार घातला. तेव्हापासून दरवर्षी माइकवर मी बोलतो — ‘मातीत खेळता खेळता मातीत विलीन झालेला’ असलं काहीतरी. आणि त्याच्या नावाच्या चषकासाठी, त्याच शाळेच्या मागे, पोरं स्वेटर घालून पळतात. तोच गट. तसाच काटा. मी बघतो. एकदाही थांबवलेलं नाही. थांबवलं तर कोणीतरी ‘का?’ म्हणेल.

यंदा मावशी लवकर आली. नारळाला वेळ होता, म्हणून शाळेच्या मागे सावलीत बसली होती. एक पोरगा घामाने निथळत पळत होता. तिने बाटली पुढे केली. तो म्हणाला, “नको आजी, काट्यावर बाहेर काढतील मला.” दुसरा ओरडला, “आज्ये, पाजू नको त्याला! आधीच म्हैस हाय ती!” सगळे हसले. तीही हसली. मग बाटलीचं झाकण लावता लावता तिने मला विचारलं, “हिरू पन असाच पळायचा?”

मी हो म्हणालो.

ती उठून मैदानात गेली. नारळ फोडला, फोटोला हार घातला, शाल घेतली. दुसर्‍या दिवशी सकाळी मी वाडीवर गेलो. ती अंगणात काटक्या मोडत होती. मी उभ्यानेच सांगितलं — मावशे, कंद त्याने खाल्लेच नव्हते. पिशवीत होते. डॉक्टरला मी खोटं सांगितलं. तुझ्या कंदांनी काही झालं नाही.

मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर हातातलं लाकूड मारेल. किंवा तिला हलकं वाटेल — असंही वाटलं होतं, इतका मी मूर्ख. ती काटक्या मोडत राहिली. मग म्हणाली, “म्हंजी उपाशी गेला.”

मी म्हणालो, हो.

पुढची काटकी उचलत तिने विचारलं, “पानी मागितलं का रं त्यानं?”

मी म्हणालो, नाय मावशे.

तिने मान हलवली आणि आत गेली. मी खाली आलो, पाळीला गेलो, डबा खाल्ला.

मागितलं होतं. आणि ते वजनाच्या आधी नव्हे. आधी मागितलं असतं तर निदान नियमाकडे बोट दाखवता आलं असतं. वजन झालं होतं. अडवायला काही कारणच उरलं नव्हतं. शाळेच्या मागे हातपंप आहे, तो तिथे गेला. आमचा पुकारा चालू होता. मी मागे धावलो. म्हणालो, आता पाणी पिशील तर चढाईत पोटात डचमळेल, हाफटाइमला पी. तो म्हणाला, “दादा, पीत नाय. नुसती चूळ भरतो.”

त्याचा हात पंपाच्या दांड्यावर होता. मी मनगट धरलं आणि तो हात काढला.