अडीचशेला ऑईल

परवा दुपारी अण्णांचा फोन आला, "गाडीचं ऑईल बदलायला ये", आणि त्या एका फोनपासून माझं सगळं चित्रच पालटलं.

अण्णा म्हणजे तिचे वडील. तिचं नाव इथं लिहिणार नाही. आम्ही कॉलेजला एका वर्गात होतो... सेकंड इयरला मी एका सरांशी भांडून कॉलेज सोडलं (भांडण रास्त होतं, आजही तेच म्हणेन) आणि गंगाखेडला एका गॅरेजवर कामाला लागलो. ती शिकत राहिली. तेव्हापासून तिला बघायचं म्हणजे लांबून, संध्याकाळी ती गावाकडच्या एसटीत चढताना.

तिच्या घरी जायला मला आजवर काही कारणच नव्हतं. परवा ते स्वतःच्या पायानं चालत आलं... मी इस्त्रीचा शर्ट घातला. ऑईल बदलायला कोण इस्त्रीचा शर्ट घालतं? मी घातला.

अंगणात नवी कोरी पांढरी गाडी उभी. सीटवरचं प्लास्टिक तसंच, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. ऑईलची पट्टी ओढून पुसली, परत घालून बघितली... मधासारखं स्वच्छ. म्हणलं, "अण्णा, ह्याला काय झालंय? कशाला बदलायचं?"

"मीटर बघ की. अडीचशे झाले."

मला आधी उमगलंच नाही. मग उजेड पडला... अण्णांची सगळी हयात ट्रॅक्टरवर गेली. ट्रॅक्टरचं मीटर तास दाखवतं आणि अडीचशे तास भरले की त्याचं ऑईल बदलतात. कारच्या मीटरवर अडीचशे दिसले अन् अण्णांनी ऑईलचा डबा आणून ठेवला. तोही ट्रॅक्टरचाच!

खरं सांगतो, माझं मन डळमळलं. वाटलं, हो म्हणावं. गाडीचं नीट ऑईल आपण आणावं आणि दर अडीचशेला बदलत राहावं... अण्णा रोज कुठं ना कुठं गाडी फिरवणार, म्हणजे माझी या अंगणात सारखी चक्कर. ओसरीवर चहा, आतून तिचा आवाज, कधीतरी ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर... माणूस किती लांबचा विचार करतो बघा, पट्टी पुसता पुसता.

पण गाडीच्या बाबतीत मला खोटं बोलवत नाही. काय करणार...

"अण्णा, हे तास न्हाईत, किलोमीटर हायत. हजाराला नुसती तपासणी करून घ्यायची. ऑईल दहा हजाराला, न्हाईतर वर्षाला. जे आधी येईल ते."

"दहा हजार? येडा झालास का? इंजिन बसंल की तवर!" अण्णा भडकले. "सोताचं कॉलेज पुरं झालं न्हाई, अन् मला शिकवायलास व्हय?"

झालं... माझं डोकं सटकलं. हातातलं फडकं फेकलं आणि "मग बोलवा दुसऱ्या कुणाला" म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"अण्णा, तो बरोबर सांगायलाय. यात तसंच लिहिलंय."

ती उंबऱ्यात उभी होती. गाडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक हातात धरून. आपल्या बाजूनं कुणी बोललं की राग कसा विरघळतो, ते मला त्या दिवशी कळलं.

अण्णा नरमले. "तसं न्हाई रे बाबा. लगीन ठरलंय तिचं, दिवाळी झाली की. पोरगं पुण्याला कंपनीत हाय. गाडी तिच्यासंगं जायची... उद्या तिकडच्यांनी नावं ठिवू नये, की सासऱ्यानं ऑईल बी बदललं न्हाई. तेंनी मागितली न्हाई बरं का. आपली हौस."

एरवी मी भांडलो असतो. पोरगी देता अन् वर गाडी कशाला, एवढं तरी नक्की विचारलं असतं... पण मी ते फेकलेलं फडकं उचललं आणि स्वच्छ असलेली पट्टी परत पुसत बसलो.

मग तिनंच विचारलं, "वर्ष कधीपासून धरायचं?"

"गाडी घेतल्यापासून."

"म्हणजे तिकडंच बदलावं लागंल."

"हो. चांगलं गॅरेज बघा. आणि गाडी चालली न्हाई, नुसती उभी राहिली, तरी वर्षाला बदलायचं. उभ्या गाडीचं ऑईल बी खराब होतंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. पुस्तक मिटलं. "ध्यानात ठेवीन," म्हणाली आणि आत गेली.

एवढंच... कॉलेज सुटल्यापासून घरचे, पाहुणे, गॅरेजचे मालक, सगळ्यांनी मला चूकच ठरवलं. चारचौघांत मला बरोबर म्हणणारी ती पहिली. तिथं आभार मानता आले नाहीत, म्हणून इथं मानतो. वाचशील की नाही, माहीत नाही.

बॉनेट लावलं. तिच्या आई, काकू, "च्या तरी घे की" म्हणत राहिल्या, मी हात जोडले आणि अंगणातून बाहेर पडलो. लोखंडी दार ओढायला लागलो, तर मागून अण्णा ओरडले, "ऱ्हाऊ दे उघडं, गाडी काढायचीय मला!"

मी लावलंच.