लोट्याएवढ्या वजनाची झोळी

धुळ्याच्या भर मे महिन्यात डांबराला चप्पल चिकटते आणि माणसं डोक्यावर ओला पंचा टाकून दुपार ढकलतात. अशा दिवसांत थंडीच्या काळजीने हवालदिल झालेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो माझा सख्खा मामा.

त्याची काळजी कळायची तर आधी आमचं घर सांगावं लागेल. नरडाण्याजवळ आमचं गाव. जमीन नव्हतीच. दिवाळी झाली की आई-वडील टोळीबरोबर गुजरातेत ऊस तोडायला जात, ते चैत्र सरता सरता परत येत. तिथे उसाच्या वाळक्या पाल्याची, पाचटाची झोपडी म्हणजे कोपी, खाली पाणी मुरलेली काळी जमीन, तिच्यावर पुन्हा पाचट आणि त्यावर एक गोधडी. पहाटे गोधडी पिळली तर पाणी निघायचं. आईची पाठ त्या जमिनीने धरली, मग छाती धरली. दर वर्षी आई जायची तेवढी परत येत नसे, थोडी कमी होऊनच यायची. खोकत खोकत भाकरी थापायची आणि खोकला आला की तोंड भिंतीकडे करायची, जणू आमचा काही गुन्हा करतेय. मला मात्र तिने टोळीत नेलं नाही. धुळ्याला मामाकडे ठेवलं आणि शिकवलं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते, ज्याला आढ्यता वाटेल त्याला वाटो.

मामा ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. आग्रा रोडच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान होतं. दाभण, मेण लावलेला दोरा आणि तळहाताला बांधलेला चामड्याचा तुकडा, एवढंच त्याचं भांडवल. त्याच्या टाक्यातून पाण्याचा थेंब जायचा नाही. ताणून बसवलेल्या ताडपत्रीवर तो बोटाने टिचकी मारायचा आणि ढोलकीसारखा आवाज आला तरच गिऱ्हाइकाला द्यायचा. कापड कुठे जरा ढिलं दिसलं की त्याला अन्न जायचं नाही. एका लग्नात मांडवाच्या कनातीला ढिलाई दिसली म्हणून हा माणूस पंगतीतून उठला, खांबावर चढला आणि खरकट्या हाताने दोऱ्या आवळत बसला. वरमाय विचारत होती, हा कुणाकडचा? आम्ही सगळे ताटात बघत होतो.

एका पौषात तो बहिणीला भेटायला टोळीवर गेला, एक रात्र कोपीत झोपला आणि परत आला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना एवढंच म्हणाला, "पोरी, थंडी वरून येतच नही. खालतून येस." त्या दिवसापासून त्याने ठरवलं, अक्काला, म्हणजे माझ्या आईला, जमिनीवर झोपू द्यायचं नाही. दोन बैलगाड्यांच्या मधे बांधता येईल अशी उबदार झोळी शिवायची.

आई त्याला भाऊ म्हणायची, पण त्याच्या कल्पनांना काही म्हणायची नाही. या वेळी मात्र तिने अट घातली. टोळी निघते तेव्हा तिच्या डोक्यावर पीठ, पातेली, कोयते आणि कंदील असतात. तिने पितळी लोटा पाण्याने काठोकाठ भरला आणि मामापुढे ठेवला. "याच्यापेक्षा जड व्हई तर मी नेणार नही. मी ऊस तोडाले जास भाऊ, जत्राले नही."

त्या लोट्याने मामाचं वाटोळं केलं. ज्या माणसाने जन्मभर मणामणाच्या ताडपत्र्या उचलल्या तो आता दोऱ्याचं वजन करू लागला. पहिली झोळी पोत्याची झाली, तिने तराजू जमिनीला टेकवला. दुसरीत गावठी कापूस भरला. वजन थोडं उतरलं, पण दमट हवेत कापसाचे गोळे झाले आणि मामा म्हणाला, "ही झोळी नही, बटाट्यांची गोणी शे." मग त्याने मोडक्या छत्र्या जमवायला सुरुवात केली, कारण छत्रीचं नायलॉन हलकं. ओळखीच्या माणसाच्या हातात छत्री दिसली की तो आधी तिची तब्येत विचारायचा. सातपुड्याकडून येणाऱ्या एका लाकडाच्या ट्रकवाल्याकडून त्याने सावरीच्या झाडाचा कापूस मागवला. तो इतका हलका की दुकानात कुणी शिंकलं तरी उडायचा. उन्हाळाभर आमच्या वरणात, केसांत आणि माझ्या अर्थशास्त्राच्या वह्यांत सावरीचा कापूस होता. वजन तरीही लोट्याच्या वरच. मग त्याने शिवणीच्या कडा कातरल्या, दोरीचे दोन पदर उसवून एक ठेवला आणि एकदा तर मला विचारलं, "गाठले वजन राहस का गं? तू कॉलेजात जास ना?"

चाचण्या दुकानातच व्हायच्या. पहिल्या चाचणीला झोळीचं एक टोक खांबाला आणि दुसरं शिलाई मशिनला बांधलं होतं. मामा झोळीत बसला आणि मशिन त्याच्या भेटीला आलं. दोघंही आडवे झाले. मामाने उठून आधी मशिनची सुई तपासली, मग स्वतःचं डोकं.

वजन अखेर जमलं. तिसऱ्या हिवाळ्याला लोट्याच्या पारड्याशी झोळीचं पारडं समोरासमोर आलं तेव्हा मामाने अख्ख्या गल्लीला चहा पाजला. आई झोळी घेऊन गेली, आणि दोन महिन्यांनी टोळीवाल्याच्या हाती मला एकटीला निरोप आला, झोळीपेक्षा पाचट बरं. सुट्टीत मी स्वतः तिथे गेले. झोळी कोपीच्या छताला टांगली होती आणि तिच्यात कांदे होते. आई म्हणाली, "रागे भरू नको. त्यात झोपलं का बठ्ठीच्या बठ्ठी पाठ गार पडस. भाऊले सांगू नको." मी सांगितलं. सांगायला नको होतं. मामाने चार दिवस दुकान उघडलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, बहीण खोकताना वळते तसाच.

कापूस तोच, ऊब देणारा. कापड वाऱ्याला अडवणारं. मग थंडी शिरते कुठून? या एका प्रश्नाने त्याचं जेवण गेलं, आणि हिवाळा संपून उन्हाळा आला तरी प्रश्न तसाच. धुळ्यात मे महिन्यात थंडी कुठून आणायची? पण ज्या बर्फाच्या कारखान्याच्या हातगाड्यांवर मामाच्या ताडपत्र्या होत्या, तिथला शेठ जुनं गिऱ्हाईक होता. लाद्या ठेवायच्या खोलीत झोळी बांधायची परवानगी मामाने मिळवली. मी म्हटलं, निदान स्वेटर तरी घाला. तो म्हणाला, "अक्का कुठे स्वेटर घालस?" आणि खरोखरच आईचं जुनं लुगडं अंगाभोवती गुंडाळून तो भर दुपारी बर्फात जाऊन झोपला. शेठ दाराशी माझ्या शेजारी उभा होता. म्हणाला, "टेलर मास्तरांना काय झालं? घरी भांडण?" मी म्हटलं, "नाही, संशोधन." तो म्हणाला, "मग डॉक्टरला बोलवून ठेवू का?"

तासाभराने मामा बाहेर आला. ओठ काळेनिळे, दात वाजतायत, लुगड्याच्या पदराला बर्फाचा चुरा. बाहेर पंचेचाळीस डिग्री. रस्त्यावरची माणसं सायकली थांबवून बघायला लागली. मामाचं लक्ष कुणाकडेच नव्हतं. तो उजव्या हाताने आपला डावा खांदा चाचपत होता. "पोरी, बठ्ठी पाठ बर्फ शे. पण आठे, या खांद्याखाली ऊब शे. हाई काय भानगड?"

आम्ही झोळी दुकानात आणून उलटी पसरली. डाव्या खांद्याच्या जागी खालच्या अस्तराचा टाका उसवला होता. तेवढं अस्तर सुटून लोंबत होतं आणि त्यात सावरीचा कापूस फुगून बसला होता. बाकी सगळीकडे मामाच्या ढोलकीबंद टाक्यांनी आणि अंगाच्या भाराने तो दबून पापडासारखा झाला होता. दबलेल्या कापसात ऊब राहत नाही. जिथे मामाची शिलाई फाटली होती तेवढ्याच जागेने त्याला वाचवलं होतं.

मी त्याला इतकं खचलेलं कधी पाहिलं नव्हतं. तीस वर्षं ज्या टाक्यासाठी ट्रकवाले नाशिकहून शोधत यायचे, तो टाकाच त्याच्या बहिणीला गारठवत होता. तो उसवलेल्या जागेवर बोट ठेवून बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "म्हणजे मी जेवढं चांगलं शिवलं तेवढी अक्का थंडीत मेली."

तसं नाही, असं खोटं बोलायला माझी जीभ वळली नाही.

उपाय साधा होता. झोळी एक, आणि तिच्या खाली सैल लोंबणारी, अंगाचा भार न घेणारी कापसाची दुसरी पिशवी. पण ती सैल शिवायची कुणी? मामाने तीनदा शिवली आणि तीनदा ताणून बसवली. हात ऐकेचनात. शेवटी त्याने पिशवी माझ्यापुढे टाकली. मी शिवलेली चोळी मामी पायपुसण्यालाही वापरत नसे. "तुना हात वाईट शे पोरी. तूच शिव." परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बसून मी वेडेवाकडे, लांब लांब टाके घातले. मामा समोर बसून बघत होता आणि प्रत्येक टाक्याला डोळे मिटत होता. वजन वाढलं तेव्हा त्याने वरच्या झोळीचं एक अस्तर काढून टाकलं. पुन्हा बर्फाची खोली, पुन्हा लुगडं. या वेळी दोन तास झाले तरी बाहेर येईना. शेठ घाबरून आत गेला. मामा घोरत होता.

त्या हिवाळ्यात आई झोळी घेऊन गेली. कांद्यांसाठी वेगळी टोपली नेली. चैत्रात परत आली तेव्हा मामा धुळ्याच्या स्टँडवर तिची पिशवीही हातात न घेता पहिलं विचारता झाला, "पाठ कशी शे अक्का?" आई जरा आठवल्यासारखं करून म्हणाली, "माले पाठ शे हाईच मी इसरी गऊ." मामा वळून पानाच्या टपरीकडे गेला. तो पान खात नव्हता.

आईची छाती काही सुधारली नाही, ती जायची तेवढी आधीच गेली होती. पुढे दोन हिवाळ्यांनी मला जळगावला नोकरी लागली, पिंप्राळ्यात दोन खोल्या घेतल्या आणि आईचं टोळीवर जाणं थांबलं. मामाची झोळी दुसऱ्या कुणी मागितली नाही. मुकादम हसले, बाया लाजल्या. मामा परत ताडपत्र्यांकडे वळला आणि त्याच दाभणाने, तसेच घट्ट टाके घालत राहिला. पण कधी कधी काम थांबवून तो बोटाने शिवण दाबून बघायचा. त्याला जाऊनही आता काही वर्षं झाली.

आमच्या टोळीत ऊसतोडीचा अख्खा हंगाम जमिनीला पाठ न लावता झोपलेली पहिली बाई माझी आई. तिला तसं झोपवणारी झोळी माझ्या मामाने केली.