डोंगरावरचा वाव

दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगीच नाही. आमच्या ह्यांनी बडोद्याबाहेर हालोलच्या पुढे जी जमीन घेतली, ती जमीन कसली, टेकाडाचा एक तिरका तुकडा. दगड, काटेरी जाळ्या, आणि उभं राहिलं की एक पाय वर, एक खाली. रिटायर झाल्यावर इथे घर बांधायचं, कोंबड्या पाळायच्या, भाजी लावायची, असं ह्यांनी ठरवलं. शहरातल्या दांडिया बाजारच्या घरात ज्यांनी कधी तुळशीला पाणी घातलं नाही, ते.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुम्ही खुशाल जा. मी बडोदं सोडणार नाही." रागात म्हटलं होतं. वाटलं, चिडतील, समजूत घालतील, निदान अबोला तरी धरतील. हे "बरं" म्हणाले आणि चहा मागितला. तेव्हापासून मला काही कळेनासं झालं. आता हे एकटे जाणार, का जाणारच नाहीत, का मला गृहीत धरलंय? इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा आपल्याला सोडून डोंगरावर राहायला निघालाय का, हे विचारायचं तरी कुठल्या तोंडानं? आणि विचारलं, तर उत्तर काय हवंय तेही मला ठाऊक नव्हतं.

तरी जमीन सपाट करायला जेसीबी आला त्या दिवशी मी गेले बरोबर. का गेले, देव जाणे. ह्यांनी चुन्यानं रेघा आखल्या होत्या. इथे टप्पा पाडायचा, तिथे दगडी बांध घालायचा, पावसाचं पाणी या बाजूनं काढायचं. मला सगळ्या रेघा सारख्याच दिसत होत्या. घराचं तोंड कुठे आणि पाठ कुठे, तेही समजेना. विचारलं तर म्हणाले, "तू उन्हात उभी राहू नकोस."

ह्यांचं गुजराती झकास. बाजारात कुणी मराठी म्हणून ओळखणार नाही. पण घाईत असले की मधेच घरचा शब्द घुसतो. जेसीबीवाल्याला म्हणाले, "घरनी पाछळ थोडो वाव राखजो, भाई."

"वाव? अहीं?" इथे कुठे, अशा नजरेनं त्यानं टेकाडाकडे पाहिलं.

"हा, वाव तो जोईए ज."

हवाच म्हटल्यावर त्यानं मान डोलावली आणि जेसीबी चालू केला. मी शेजारीच होते, पण माझ्याही कानाला काही खटकलं नाही. आम्हा बडोदेकरांच्या तोंडात दोन्ही वाव सुखानं नांदतात. मराठीतला वाव म्हणजे मोकळी जागा, आणि गुजरातीतली वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर.

पुढच्या रविवारी जाऊन बघतो तर घराच्या चौकोनामागे हा मोठा खड्डा. एका बाजूनं पायऱ्यासुद्धा पाडलेल्या, चांगल्या नेटक्या. हे कपाळाला हात लावून बसले. जेसीबीवाला म्हणाला, "साहेब, तमे ज तो वाव राखवानुं कह्युं हतुं." मला इतकं हसू लोटलं की दगडावर टेकावं लागलं. हसता हसता म्हटलं, "अहो, पण एवढा डोंगर मोकळा पडलाय, त्यात आणखी वाव कशाला हवा होता तुम्हाला?"

हे चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "घर एका खोलीचंच आखलंय. तू येणार नाहीस म्हणालीस ना. पण आलीसच कधी, तर मागे वाढवायला जागा असावी."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. राग आला. बायको रागात बोलते ते खरं धरून कुणी एका खोलीचं घर आखतं का? आणि जागा राखली म्हणून मायाही वाटली. दोन्ही एकदमच झालं, त्यामुळे भांडावं का रडावं ते सुचेना. बरं, मला तिथे राहायचं होतं असंही नाही. साप निघाला तर काय, रात्री छातीत दुखलं तर डॉक्टर कुठून आणायचा, आणि दुपारी बोलायला शेजारीण नको का?

जेसीबीवाला ताटकळला होता आणि हे त्याला काही सांगेनात. शेवटी मीच त्याला खड्डा बुजवायला सांगितलं, "खाडो पूरी नाखो, भाई. अहीं रूम आवशे."

"केटलो मोटो रूम, बेन?"

मी ह्यांच्याकडे न बघता दोन बोटं दाखवली आणि म्हटलं, "बे जणनो."