शर्यतीसाठी बंद रस्ता

सायकल शर्यतीसाठी आमचा रस्ता सकाळपासून बंद होता. रिकाम्या डांबरावर एक कुत्रेही नव्हते. आडव्या दोरीपाशी शेजारच्या वामनरावांची तिरडी खांद्यांवरच थांबली. निघालेली तिरडी घराकडे वळवत नाहीत. पुढे मुलाच्या हातात मडके होते, त्यात दहनासाठी घरून घेतलेला विस्तव. तो वाटेत विझू द्यायचा नसतो.

"काका, शेवटची सायकल गेली की सोडतो," हवालदार हलक्या आवाजात म्हणाला.

"वामनरावांना घाई नाही," मी म्हणालो. "विस्तवाला आहे."

रस्ता सर्वांचा, असे मी आयुष्यभर मानले. तो कोणाचा, हे एक दोरी ठरवते.

पलीकडे टाळ्या वाजल्या, सायकली सरसरत गेल्या. दोरी सुटली तेव्हा मडक्यातून धूर येत नव्हता. मुलाने आत पाहिले नाही. आम्हीही नाही.