देवाला सांगितलेला दोडका

देवाशी लबाडी करता येते का, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, येते. तीन महिने तर सहज येते. मी केली आहे.

वय एक्कावन्न आणि सिगारेटी दिवसाला बारा. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि म्हणाले, "फुप्फुसं सत्तरीची झालीयत. आज थांबलात तर उरलंय ते वाचेल. नाहीतर दहा वर्षांनी अंघोळ करतानाही दम लागेल." बायकोने मला तिथूनच सिद्धेश्वराच्या देवळात नेलं. आमच्याकडे काही सोडायचं तर तळहातावर पाणी घेऊन, मनात त्या वस्तूचं नाव घेऊन सोडतात. मी डोळे मिटले, सिगारेट म्हणायला गेलो आणि घाबरून 'दोडका' म्हणालो. नाहीतरी तो मला आवडत नव्हताच. तेवढ्यात शेजारून आवाज आला, "अहो, तुम्ही एकटेच कशाला? मीपण चहा सोडला."

मग रोज सकाळी तिचं डोकं ठणकायचं. कपाळाला बाम चोळून ती पोळ्या लाटायची आणि मी दुधाच्या निमित्ताने कोपऱ्यावर झुरके मारून, बडीशेप चघळत परत यायचो. मेहुणी म्हणायची, "भाऊजी, लई निग्रही हो तुम्ही!" मी मान खाली घालायचो. लोकांना ती नम्रता वाटायची.

तीन महिन्यांनी एका गुरुवारी बायको, मेहुणी आणि मी अक्कलकोटला पायी निघालो. वळसंग ओलांडलं तेव्हा ऊन चढलं होतं. बूट चावतोय असं सांगून मी मागे राहिलो आणि लिंबाच्या झाडाआड सिगारेट पेटवली. दुसऱ्याच झुरक्याला ठसका लागला, तो थांबेचना. श्वास आत येईना. हाक मारावी तर आवाज फुटेना, आणि त्याही क्षणी वाटलं, बायकोने वळून पाहू नये. इतका मी शूर.

कुणीतरी सायकल टाकून धावत आलं. साठी उलटलेला माणूस, खांद्यावर उपरणं. त्याने मला दगडावर बसवलं, पुढे वाकवलं, कोपर गुडघ्यांवर टेकवायला लावले. "घाबरू नका की. शिट्टी वाजवल्यागत ओठ करा. हळू. आदी भाईर टाका, मग आत घ्या." त्याचा हात पाठीवर होता. किती वेळ गेला कोण जाणे. श्वास परतला, तेव्हा त्याने मातीत पडलेलं माझं सिगारेटचं पाकीट उचललं, उपरण्याने पुसलं आणि माझ्या खिशात नीट ठेवलं. "तुमचं हाय. ऱ्हाऊ द्या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं.

बायको धापा टाकत आली. "अहो, काय झालं?" मी त्या माणसाकडे पाहिलं. तो म्हणाला, "माऊली, त्येच सांगतील," आणि सायकल उचलून निघून गेला. मी सगळं सांगितलं, दोडक्यासकट. तिने पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाली, "दोडका? आणि मी इथं डोकं धरून मरतेय?" पुढचे पाच मैल ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मेहुणी मात्र अधूनमधून नुसतंच "दोडका!" म्हणायची.

अक्कलकोटला समाधीपुढे मी पाणी घेतलं नाही, शपथ घेतली नाही. माझ्या शपथांची लायकी कळली होती. एवढंच म्हणालो, "महाराज, माझ्याच्यानं होत नाही. तुम्ही बघा." पाकीट बायकोच्या हातात दिलं. तिने ते चुरगाळून बाहेरच्या कचऱ्यात टाकलं आणि म्हणाली, "उद्या डॉक्टरांकडे जायचं. औषध देतात म्हणे." गेलो.

तो सायकलवाला कोण, याचं मेहुणीकडे ठाम उत्तर आहे. मी वाद घालत नाही. अकरा महिने झाले. अजूनही जेवणानंतर जीव कासावीस होतो, हात खिशाकडे जातो. तेव्हा उद्याचं काही ठरवत नाही. पायरीवर बसतो, हळूच म्हणतो, "महाराज, एवढी दहा मिनिटं." बायको शेजारी येऊन बसते. दहा मिनिटं जातात. महाराजांनी आजवर एकदाही नाही म्हटलेलं नाही.