आमच्याकडे नवीन माणूस येतो तेव्हा

आमच्या ग्रुपमध्ये माणसं टिकत नाहीत, किस्से मात्र टिकतात! एकाने सांगायला घेतला की दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि चहा निवेपर्यंत चार-पाच होतात. हल्ली हसू जरा कमी येतं, एवढंच.

आम्ही म्हणजे मी, लेलेकाका आणि नीलम. छोट्या वाचनालयांसाठी आम्ही एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर चालवतो. वापरायला मोफत, आतला कोड सगळ्यांना खुला. कुणीही सुधारणा करून पाठवावी, आम्ही तपासून आत घ्यावी. सुरुवातीला अकरा जण होतो, आता तिघं. नवीन माणसं मिळाली नाहीत तर गाशा गुंडाळावा लागणार, हे आम्हाला पक्कं माहीत आहे. आणि नवीन माणसं येत नाहीत असंही नाही हो. येतात ना!

*

लेलेकाका डोंबिवलीचे, बँकेतून रिटायर झालेले. नवीन लोक बुजू नयेत म्हणून त्यांनी स्वागताचं माहितीपत्रक लिहिलं. चाळीस पानी! "कसं आहे, एकदा नीट वाचलं की शंकाच उरत नाहीत."

ठाण्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने ते खरंच पूर्ण वाचलं. असा तो एकटाच. मग त्याचा मेसेज आला, "सर, वाचून झालं. आता परीक्षा कधी आहे?"

आम्ही आठवडाभर हसलो. उत्तर द्यायचं मात्र राहून गेलं.

*

माजिवड्याचा प्रतीक. त्याने 'पुस्तक परत' या बटणाचा रंग बदलून पाठवला, कारण जुना रंग त्याच्या आजोबांना नीट दिसायचा नाही. साधी गोष्ट. पण मला हिरवा हवा होता, नीलमला निळा, आणि काकांना मुळात ते बटणच नको होतं. साठ-सत्तर कॉमेंट झाल्या.

शेवटी प्रतीकने लिहिलं, "तुमचं फायनल झालं की सांगा, तोवर मी लग्न करून येतो."

आम्हाला वाटलं, वैतागून बोलतोय. खरंच लग्न होतं त्याचं! आता त्याची मुलगी बालवाडीत जाते. बटण जुन्याच रंगाचं आहे.

*

आमच्याकडे एखाद्या प्रश्नावर महिनाभर कुणी काही लिहिलं नाही, तर प्रोग्रामच तो प्रश्न बंद करून टाकतो. पसारा नको म्हणून मीच केलेली सोय.

कल्याणच्या एकाने विचारलं होतं, "मला मदत करायची आहे. सुरुवात कुठून करू?" आम्हा तिघांनाही वाटलं, दुसरं कुणीतरी उत्तर देईल. महिन्याने प्रोग्रामने दिलं. "आपली अडचण सुटली आहे असे समजून हा विषय बंद करण्यात येत आहे. धन्यवाद!"

त्यावर त्या भल्या माणसाने अंगठा टाकला.

*

एकदा ठाण्यात प्रत्यक्ष भेटायचं ठरवलं. दोन तासांसाठी एक वर्ग मिळालेला. एकच नवीन मुलगी आली, वही-पेन घेऊन. नीलम म्हणाली, "आधी ओळख करून घेऊ या, म्हणजे हिला परकं वाटणार नाही."

काकांची ओळख पस्तीस मिनिटं चालली. मीही काही कमी बोललो नाही. तिची पाळी आली तेव्हा शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा होता.

"पुढच्या वेळी तुझ्यापासून सुरू करू हं," नीलम म्हणाली. ती हसून "हो" म्हणाली. पुढच्या वेळी आम्ही तिघंच होतो. तिचं नाव आमच्यापैकी कुणालाच माहीत नाही, याची मला अजून लाज वाटते.

*

आणि सविताताई. पन्नाशीच्या, कल्याणला एका बुद्धविहारातलं वाचनालय सांभाळतात. तिथे आमचंच सॉफ्टवेअर आहे.

सोपी कामं आम्ही स्वतः न करता नवीन लोकांसाठी राखून ठेवतो, हात बसावा म्हणून. त्यातलं एक होतं, मुदत संपलेल्या पुस्तकांची यादी छापायची सोय. ताईंनी लिहिलं, "हे मी करून बघू का?" मी म्हटलं, "बिनधास्त करा, ताई!"

मग तीन-चार आठवडे काहीच नाही. एका दुपारी ऑफिसात रिकामा बसलेलो, हात शिवशिवले. करून टाकलं आणि खाली लिहिलं, "पाच मिनिटांचं काम होतं, उरकून टाकलं."

त्याच आठवड्यात रविवारी आम्ही तिघं काकांच्या घरी जमलेलो, तिथे ताई आल्या. मुलीचा लॅपटॉप आणि भरलेली वही घेऊन. माझा मेसेज त्यांनी पाहिलेलाच नव्हता. त्यांनी यादी काढून दाखवली. अक्षर मोठं, आणि वाचकांची नावं गल्लीप्रमाणे लावलेली. "म्हणजे कसं, आठवण करून द्यायला निघालं की एका फेरीत एक गल्ली होते." हे आम्हा तिघांना जन्मात सुचलं नसतं.

नीलम माझ्याकडे बघायला लागली. सांगावंच लागलं. ताईंनी मेसेज उघडायला लावला आणि शांतपणे वाचला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ताई, माझं चुकलं. मी माझं काढून टाकतो, तुमचं घेऊ. तुमचंच चांगलं आहे, खरंच."

ताईंनी लॅपटॉप मिटला.

"नको रे. तू तिथे पाच मिनिटं लिहिलंयस ना? लोक विचारतील, मग हिला महिना का लागला?"